फळीवरचं चौथं नाव

"...मग माझं नाव फळीवर कधी लिहिणार, भाऊ?"

हेमंत शिवलकर हे तिसऱ्यांदा विचारत होता. भाऊ मयेकर गादीचा उसवलेला कोपरा शिवत बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. सुईत दोरा दुसऱ्यानं ओवून द्यावा लागायचा. पण मनगट धरलं तर तरण्या गड्याला सुटता यायचं नाही.

खाडीकाठची ती जुजुत्सूची शाळा. शाळा कसली, मिठाची जुनी वखार ती. जुजुत्सू म्हणजे जपान्यांची कुस्ती. समोरच्याला पकडीत धरायचं... हात, पाय, नाहीतर गळा. सोसवेना झालं की त्यानं गादीवर हात आपटायचा. हात आपटला की धरणाऱ्यानं त्याच क्षणी सोडायचं. एवढा एकच कायदा.

भिंतीवर सागाची फळी होती, फळीवर तीन नावं. हसनमिया सोलकर. गोपाळ भाटकर. बाबल मयेकर, म्हणजे आपले भाऊ. फळीवर नाव चढेल त्यानंच शिकवायचं. हेमंतला शिकवायचं होतं. चिपळुणात हॉल बघून झाला होता, चाळीस पोरं नावं देऊन वाट बघत होती.

"कुणाखाली लिहू?" भाऊंनी विचारलं.

"तुमच्याखाली. आणखी कुणाच्या?"

"हसनमिया बोटीवर खलाशी. कोबे बंदरात एका जपानी म्हाताऱ्यानं त्यांचा गळा धरला, त्यांनी हात आपटला. गोपाळदादांनी हसनमियांच्या पकडीत आपटला. मी गोपाळदादांच्या. चड्डी ओली झाली होती माझी. असं खाली आलंय हे. तू कुणाच्या पकडीत आपटलास?"

"मी?" हेमंतनं छाती काढली. "कुणाच्याच नाही. सहा वर्षं झाली. तुम्हीच दोनदा गळा धरलात. शुद्ध गेली माझी, पण हात नाही आपटला. सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे."

"म्हणून तर भीती वाटते."

"कुणाला?"

"मला."

दाराशी सुवर्णा बसली होती. मासे विकणारी बाई, चाळिशीची, दुपारी पाटी रिकामी झाली की शिकायला यायची. तिच्या कोपराला फडकं बांधलेलं होतं.

"मला पण वाटते हो," ती म्हणाली. "मंगळवारी दोनदा हात आपटला मी. तिसऱ्याला सोडलंन मेल्यानं."

"ऐकू नाही आलं मला, सुवर्णाताई."

"बंदरावर माझी हाक पलीकडच्या गावात जाते. आणि तुझ्या कानाखाली आपटलेला हात तुला ऐकू येत नाही?"

हेमंतनं तिच्या कोपराच्या फडक्याकडे बघितलं. मग खरं ते बोलला.

"मला वाटलं, अजून दम आहे तुमच्यात."

भाऊंनी सुई गादीत खोचली. उठले, मधोमध जाऊन बसले. हेमंतकडे पाठ करून.

"धर गळा. मी हात आपटला तर आत्ताच्या आत्ता नाव लिहितो."

"भाऊ, वेड लागलं काय?" सुवर्णा उठली. भाऊंनी बोट वर केलं. ती होती तिथंच राहिली.

हेमंतला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मागून त्यानं उजवा हात भाऊंच्या गळ्याभोवती घातला, डाव्यानं जखडला, आणि आवळला.

भाऊंचा तळवा गादीवर पालथा पडलेला. हेमंत त्या तळव्याकडे बघत राहिला. आता उठेल. आता आपटेल.

तळवा हलला नाही.

त्यानं आणखी आवळलं. म्हाताऱ्याच्या गळ्याची शीर त्याच्या दंडावर उडत होती, टपटप, टपटप. मग ती मंदावली. बाहेर होडीचं इंजिन वाजत होतं, तेही लांब लांब गेलं...

तळवा हलला नाही.

"भाऊ," हेमंत कानात म्हणाला. "भाऊ, आपटा ना."

भाऊंचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं. जड. झोपलेल्या पोराचं असतं तसं. सोडायचं कधी, हे त्याला समजेना. सहा वर्षं ते दुसऱ्यानंच सांगितलं होतं त्याला. दंड लाकडाचा झालेला, सोडू म्हटलं तरी सुटेना.

आणि गादीवर हात आपटल्याचा आवाज झाला.

एकदा. दोनदा. मग धडाधड, कितीतरी वेळा.

हेमंतचाच डावा हात होता तो.

"अरे सोड!" सुवर्णा किंचाळत आली. तिनं त्याचा दंड ओढून काढला, दुखऱ्या कोपरानंच. भाऊ आडवे झाले. ओठ निळे. तिनं त्यांचे दोन्ही पाय उचलून धरले आणि देवाला नाही नाही ते बोलली.

हेमंत गुडघ्यांवर बसून होता.

"मेले का, ताई? सांगा ना... मेले का?"

"गप बस!"

किती वेळ गेला कोण जाणे. तिला विचाराल तर ती सांगेल, भाकरी भाजून होईल एवढा. हेमंतला विचारूच नका.

मग भाऊंच्या घशातून खरखर झाली. डोळे उघडले. आधी छपराकडे बघितलं, मग हेमंतकडे. सुवर्णानं पाणी पाजलं, ते अर्धं हनुवटीवरून ओघळलं.

हेमंतनं त्यांचे पाय धरले.

"नको मला ते नाव. चिपळूण नको, हॉल नको. मी शिकवणार नाही, भाऊ. कुणाच्या गळ्याला हात लावायचं धाडस नाही होणार माझं."

भाऊंनी फळीकडे बोट केलं.

"सुवर्णा, रंगाचा डबा काढ," ते म्हणाले. आवाज बसला होता. मग हेमंतला म्हणाले, "चिपळूणला जाशील तेव्हा ही भीती घरी ठेवून जाऊ नकोस."