मागच्या फाटकाचा पहारा

चूक बोराडे सरांची. सुरक्षाशास्त्र विभागाचे ते प्रमुख, आणि इतकी वर्षं शिकवून त्यांनी पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट भरली, आधी बक्षीस. मी दुसऱ्या वर्षीच तिथून बाहेर पडलो. सुजय खंडागळे टिकला. सरांचा लाडकाही झाला.

“पण पहिलं येण्यात वाईट काय आहे, बाई?”

सुजय विचारत होता. देवस्थळी बाई ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. हा विभाग उभा केला तो त्यांनी. निवृत्त झाल्या तरी पोरं अजून त्यांच्या ओट्यावर येतात, कोणी शिकायला, कोणी मिरवायला. सुजय मिरवायला आला होता, मी नुसताच बसलो होतो.

“मी कुठे वाईट म्हटलं? निबंध कशावर आहे ते तर सांग.”

“सुरक्षा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे, बाई. देशपातळीवरची. पहिल्याला दिल्लीच्या संस्थेत संशोधनाची जागा मिळते. मी आपल्याच मुलींच्या वसतिगृहावर लिहिलंय. मागच्या फाटकाची कडी बाहेरून स्टीलच्या पट्टीने उघडते. आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.”

“हुशार आहेस.”

सुजय खुलला.

“शेवटच्या फेरीत पोचलोय. शनिवारी परीक्षक येणार. त्यांच्यासमोर पट्टीने फाटक उघडून दाखवायचं, की झालं.”

“कडीचं तुला कधी कळलं?”

“दिवाळीच्या सुट्टीनंतर.”

फेब्रुवारी चालू होता. बाईंचा हात शेंगांवर थांबला.

“रेक्टरना सांगितलंस?”

“… बोराडे सर म्हणाले, निकाल लागेपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही. त्यांनी दुरुस्त केली तर परीक्षकांना दाखवणार काय?”

“तुझे सर गाढव आहेत,” मी म्हणालो.

“तू गप्प बस,” बाई म्हणाल्या. “तू एक पेपर धड लिहिला नाहीस.”

मी शेंगा खाल्ल्या.

बाईंनी भिंतीला टेकवलेली आपली काठी उचलली आणि सुजयच्या हातात दिली.

“जा. शनिवारपर्यंत त्या फाटकापाशी उभा राहा.”

“चोर येऊ नये म्हणून?”

“वेल्डर येऊ नये म्हणून.”

सुजयचे कान लाल झाले. काठी धड धरवेना, धड ठेववेना.

“मी काय पहारेकरी आहे का, बाई?”

“दिवाळीपासून.”

बाईंनी टरफलं बाजूला सारली.

“तिथे मुली राहतात,” सुजय म्हणाला. त्याला हे आत्ताच कोणीतरी सांगितल्यासारखं.

“निबंधात लिहिलंयस ना तसं?”

“… पहिल्याच पानावर.”

मग त्याने फोन काढला. रेक्टरबाई आधी त्याच्यावरच उखडल्या. तुम्हाला कसं कळलं, तुम्ही मागच्या बाजूला काय करत होता, नाव सांगा, वर्ष सांगा. मोठी माणसं आभार मानतात ती अशी. पण संध्याकाळच्या आत वेल्डर आला.

शनिवारी परीक्षक आले. सुजयने फटीत पट्टी घातली. पट्टी वाकली, फाटक जागचं हललं नाही. त्याने जे झालं ते सांगून टाकलं. मुख्य परीक्षक भले गृहस्थ असावेत, त्यांनी मान हलवली, त्याचं कौतुक केलं, आणि म्हणाले, दावा सिद्ध होत नाही, आमचा नाइलाज आहे. बोराडे सर पलीकडे मोबाइलमध्ये बघत उभे होते. त्यानंतर त्यांनी सुजयला ओळख दिली नाही.

रविवारी तो बाईंच्या ओट्यावर हजर. बाईंनी थालीपिठं लावली होती. पठ्ठ्या हसत हसत जेवत होता, आठवड्यात पहिल्यांदाच जेवल्यासारखा.

“पट्टी अशी वाकली, बाई, अशी. तिन्ही परीक्षक माझ्याकडे बघतायत. आणि वरून एक मुलगी विचारते, काय चाललंय तिथे? म्हटलं काही नाही, कडी नीट लागते का ते बघतोय.”

“मग?”

“लागते. झकास लागते.”

त्याने लोण्याचा गोळा थालीपिठावर पसरला. चेहऱ्यावर खंत म्हणून नव्हती.

मला वाटलं, आता बाई त्याची पाठ थोपटणार. गमावून कमावलंस रे बाळा, वगैरे. म्हाताऱ्या माणसांना असली वाक्यं फार आवडतात, आणि ती ऐकवताना त्यांचे डोळेही भरून येतात.

बाईंनी तव्यावरचं थालीपीठ उलथलं, खरपूस होऊ दिलं, आणि त्याच्या ताटात वाढलं.

“दिल्ली गेली तुझी,” त्या म्हणाल्या.