हिरव्या हौदाचा मुहूर्त

“हातमोजे? माझ्यासमोर? मुळीच नाही!” सर्जेराव महाराज आवडीवर कडाडले.

कर्दळगडच्या महाराजांना चकाकीचं भारी वेड. त्यांनी निकेलचा मुलामा देण्याचा कारखाना काढला आणि पानाच्या डब्यापासून सायकलच्या घंटीपर्यंत सगळं लखलखायला लागलं. त्यासाठी हौदात निकेलचा क्षार विरघळवायचा. दिसायला अगदी हिरवी खडीसाखर! पण हाताला लागला की खाज, चट्टे, भेगा. पूड नाकात गेली तर छातीचं दुखणं. यंत्रासोबत रबरी मोजे आले होते, ते पेटीतच पडून. कारण कर्दळगडची रीत: राजासमोर हात उघडे, तोंड उघडं. झाकल्या हातात कट्यार असली तर?

महाराज कारखान्यात फिरकत नसत. पण हौदासमोर त्यांची तसबीर होती, मिशांसकट. आणि तसबीर म्हणजे साक्षात महाराज!

आवडीचा नवरा केरू तांबट तिथला कारागीर. त्याचे हात असे सुजले-फुटले होते, की नव्या नवरीला त्याची भाकरी मोडून द्यावी लागे. म्हणून तर ती दरबारात आली होती.

“महाराज, हातच गेले तर मुलामा चढवणार कोण?”

“ते तू बघ! रीत मोडायची नाही. तसबीर काढायची नाही, फिरवायची नाही. माझ्या वाढदिवसापर्यंत सिंहासनाचे पाय चमकले पाहिजेत आणि केरूचे हातही बरे झाले पाहिजेत. नाही जमलं, तर दोघं संस्थानाबाहेर!”

दिवाणजी गालात हसले. “सूनबाई, हात बरे करायचे तर काम बंद. काम बंद तर पाय काळे. कसं करणार?”

“बघू की,” आवडी म्हणाली. घरी जाऊन तिनं लग्नाची ट्रंक उघडली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी महाराज कारखान्यात आले. सिंहासनाचे पाय आरशासारखे! केरूनं मुजरा केला, तर हात स्वच्छ. पण दोरीवर रबरी मोजे आणि तोंडाला बांधायची फडकी वाळत होती. आणि तसबिरीपुढे पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक!

“रीत मोडलीत! आणि मला पडद्यात घातलं?”

“पडदा नव्हे महाराज, अंतरपाट. माझ्याच लग्नातला.”

“मग?”

“मधे अंतरपाट आहे तोवर नवरानवरी समोरासमोर आली असं कुणी म्हणतं का? विचारा दिवाणजींना.”

दिवाणजींना मान हलवावीच लागली.

“मग ही माणसं दिवसभर तुमच्यासमोर आलीच नाहीत. रीत मोडली कुठे?”

“अगं, पण मुहूर्त लागणार कधी?” महाराजांनी विचारलं.

“रोज लागतो!”

तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला. साबणानं हात धुतलेले कारागीर रांगेत उभे राहिले. “सावधान!” केरू ओरडला, अंतरपाट दूर झाला आणि तसबिरीवर अक्षता पडल्या. चार दाणे चौकटीत अडकले, नेमके मिशांपाशी.

“आणि उद्या सकाळी?” महाराजांनी मिशीतलं हसू दाबत विचारलं.

“पुन्हा अंतरपाट. महाराजांचं रोज लग्न!”

महाराज पोट धरून हसले. “राणीसाहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका रे!” त्यांनी आपली अंगठी काढून केरूच्या बोटात घातली. सूज उतरली होती, सहज गेली. “आणि तुला काय हवं, पोरी?”

“माझा अंतरपाट परत द्या.”

“तो कसा देऊ? उद्या माझं लग्न आहे! त्याबदली पैठणी घे!”