हिंदुराव कफल्लक होतात

सांगलीत हळदीची तीन गोदामं असलेले हिंदुराव घटस्फोटाच्या अर्जानंतर महिनाभरात कफल्लक झाले. गोदामं, गाडी, बंगला, सगळं धाकट्या भावाच्या, विलासच्या नावावर गेलं. बायकोला पोटगी द्यावी लागू नये, एवढ्यासाठीच ही सगळी धावपळ.

बायकोचा, वैजयंताचा जीव थाऱ्यावर नव्हता. सहा महिने तिनं जोंधळ्याच्या डब्यात गोदामं-बंगल्याच्या कागदांच्या झेरॉक्स लपवल्या होत्या, आणि आता मूळ कागदांवरचं नावच बदललं होतं. कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर बसली तरी तिचे हात पदराचं टोक पिळतच होते.

हिंदुराव खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, माझं काहीच नाही. सगळं विलासचं. मी त्याच्याकडं पगारावर आहे, महिना आठ हजार."

शेजारी बसलेल्या विलासनं मान डोलावली. ती जरा जास्तच खुशीत डोलली, हे वैजयंतानं पाहिलं, आणि तिचे हात थांबले.

"मग मला पोटगी नको," ती म्हणाली. "यांनी फक्त शपथेवर लिहून द्यावं, की हे सगळं भाऊजींच्या स्वतःच्या कमाईचं आहे आणि यांचा त्यावर कधीच कसलाही हक्क राहणार नाही. त्याची एक प्रत भाऊजींनाही द्या."

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. हिंदुराव उगीचच खिसे चाचपू लागले, तोवर विलासनं आपलं पेन टोपण काढून त्यांच्यापुढं धरलं.

हिंदुरावांनी पेनाकडं पाहिलं, मग भावाच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"लिहून घ्या, मॅडम," ते घसा खाकरून म्हणाले. "तिन्ही गोदामं माझी आहेत. बंगलासुद्धा."