पेटी तापेना, पालीला ऊब मिळेना

एक होती पाल. करंगळीएवढी. ती राहायची कुमुदमावशीच्या भिंतीवर, कॉम्प्युटरच्या पेटीमागे. पेटीमागून ऊन ऊन वारा यायचा. थंडीत पालीला तेवढंच हवं असायचं.

एक दिवस पेटीत आवाज झाला, फट्. वारा बंद. भिंत गार. पालीचं पोट गारेगार.

पाल म्हणाली, "पेटीताई, पेटीताई, मला ऊब मिळेना. तुम्ही तापा ना."

पेटी म्हणाली, "कशी तापू? पोटातला पॉवर सप्लाय जळला. तोच मला वीज द्यायचा. मावशी नवा आणेल, तेव्हा तापेन."

पाल म्हणाली, "चुक चुक." निघाली. सरसर सरसर.

"मावशी, मावशी, पेटी तापेना, मला ऊब मिळेना. पॉवर सप्लाय आणा ना."

मावशी म्हणाली, "आणते गं बाई. पण कोणता आणू? बाबूशेठ सांगतील, तेव्हा आणेन."

चुक चुक. सरसर सरसर. रस्त्यापलीकडे बाबूशेठचं दुकान.

"शेठ, शेठ, मावशी आणेना, पेटी तापेना, मला ऊब मिळेना. कोणता ते सांगा ना."

शेठ म्हणाले, "कसा सांगू? किती ताकदीचा हवा? पेटीत सगळ्यात जास्त वीज खातं ते चित्रं दाखवणारं कार्ड. ते बोलेल, तेव्हा सांगेन."

चुक चुक. सरसर सरसर. परत घरी.

"कार्डदादा, कार्डदादा, शेठ सांगेना, मावशी आणेना, पेटी तापेना, मला ऊब मिळेना. आकडा बोला ना."

कार्ड म्हणालं, "कसा बोलू? आकडा आहे माझ्या पाठीवर. पाठीवर आहे धूळ. पेटीतला पंखा फिरेल, धूळ उडेल, तेव्हा बोलेन."

चुक चुक. सरसर सरसर.

"पंखेराव, पंखेराव, कार्ड बोलेना, शेठ सांगेना, मावशी आणेना, पेटी तापेना, मला ऊब मिळेना. तुम्ही फिरा ना."

पंखा म्हणाला, "कसा फिरू? अंगात वीजच नाही. पेटी देईल, तेव्हा फिरेन."

चुक चुक चुक चुक. पाल पुन्हा पेटीकडे.

"पेटीताई, पेटीताई, पंखा फिरेना, कार्ड बोलेना, शेठ सांगेना, मावशी आणेना, पेटी तापे..."

पाल थांबली. पेटी तर हीच.

पेटी म्हणाली, "काय गं? मावशी आणेल, तेव्हा..."

"पुरे," पाल म्हणाली. "ठाऊक आहे मला."

ती कार्डावर चढली. शेपटी हलवली. फट फट फट. धूळ उडाली. पाल शिंकली. आक्छी.

"साडेपाचशे वॅट," कार्ड म्हणालं. "आधीच नाही का पुसायचं?"

सरसर सरसर. पाल पुढे, मावशी मागे. पालीने शेठना आकडा सांगितला.

शेठनी पॉवर सप्लायचा एक डबा काढला. चकचकीत, सोनेरी. मावशीने किंमत विचारली. मग म्हणाली, "नको. एवढ्या पैशांत माझं कपाट येईल."

शेठनी दुसरा डबा काढला. एकदम स्वस्त. त्याला ढीगभर वायरी. सगळ्या घट्ट चिकटलेल्या. एकही सुटेना.

मावशी म्हणाली, "हाच द्या."

पालीने वायरी पाहिल्या. एवढ्या वायरी पेटीत कोंबल्या, तर वारा बाहेर येणार कसा?

पाल म्हणाली, "चुक चुक."

मावशीने पटकन टेबलावर बोट वाजवलं. टक टक. "कृष्ण, कृष्ण. पाल चुकचुकली. नको हो शेठ, हा नको."

"बरं, मग हा घ्या," शेठ म्हणाले. "साधा आहे, पण पक्का. याच्या वायरी सुट्या. हव्या तेवढ्या लावायच्या. बाकीच्या पिशवीत."

"महाग असेल."

"सोनेरीच्या निम्म्यात."

मावशीने पालीकडे पाहिलं. "आता काय म्हणतेस?"

पाल चुकचुकली नाही.

"मग द्या," मावशी म्हणाली.

कार्ड बोललं, शेठनी सांगितलं, मावशीने आणला, पेटी तापली, पंखा फिरला. सूं सूं सूं. वायरी थोड्या, वाट मोकळी. ऊन ऊन वारा भिंतीवर आला.

मावशीने विचारलं, "झालं का गं तुझ्या मनासारखं?"

पालीने भिंतीला पोट टेकलं.