महाराजांचा लॅपटॉप आणि मखमली खोळ

महाराज दुर्जयसिंहांचा लॅपटॉप पुन्हा बंद पडला, तोही ते आत्मचरित्रात जन्माला येणार एवढ्यात! पूर्वजांची चौदा पाने लिहून झाली होती. पुढे सरकले की लॅपटॉप तव्यासारखा तापे आणि पडदा काळा होई.

राजवाड्यात लॅपटॉपखाली ठेवायची कूलिंग पॅड अकरा होती. दिवाणजींनी निवडलेल्या एकाला तर सहा पंखे आणि सात रंगांचे दिवे होते. गुण एकाचाही येत नव्हता.

"वारा कोणाच्या खात्यात येतो?" महाराज गरजले.

वारा रायाजीच्या खात्यात येत होता. दरबारातला पंखा त्याच्या घराण्याने चार पिढ्या ओढला होता. हुकूम सुटला: उद्या दुपारपर्यंत यातले गार करणारे पॅड निवड, नाहीतर राजवाड्याच्या आवारातली खोली रिकामी कर!

रायाजी घरी येऊन भिंतीला टेकून बसला.

"आबा, उद्या मी येते," त्याची मुलगी गोजरा म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हाला कळतं?"



दुसऱ्या दिवशी दरबारात गोजराने पाहिले, तर अकराही पॅड किरमिजी मखमलीच्या खोळीत शिवलेली. काठाला जर.

"दिवाणजी, हे काय?"

"पणजोबा महाराजांचा नियम. राजाची वस्तू मखमलीवरच ठेवायची. शिंपी सहा दिवस बसला होता."

"पण पंख्यांवर मखमल?"

"दिवे दिसतात की त्यातून!"

गोजराने लॅपटॉप सुरू करून आबांना दोन्ही हातांनी उचलून धरायला लावला आणि पातळ कागदाची पट्टी लॅपटॉपच्या पोटाखालून फिरवली. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या जाळीला पट्टी जाऊन चिकटली.

"महाराज, हा इथून वारा आत ओढतो. खोळी काढायची परवानगी द्या."

"नियम मोडणार नाही! त्याआधी तुझा आबा जाईल."

"बरं. मग दिवाणजींनी जरा लोडावर पालथं पडावं. तोंड मखमलीत."

"मी? का?"

"पडा!" महाराज म्हणाले.

दिवाणजी पडले. गोजराने सहा पंख्यांचे पॅड लोडाखाली सरकवून चालू केले. "गार वाटतंय का, दिवाणजी?"

लोडातून हुंकार आला.

"बरं वाटतंय म्हणतात," महाराजांनी सांगितले.

दिवाणजी उठले तेव्हा वांग्याच्या रंगाचे झाले होते. "श्वास!" एवढेच त्यांना बोलता आले.

"लॅपटॉप रोज असाच पडून असतो," गोजरा म्हणाली. "त्याला फक्त ओरडता येत नाही."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "पटलं. तरी माझी वस्तू मखमलीशिवाय राहणार नाही. आता बोल!"

"महाराज, आपण हत्तीवर निघता तेव्हा मखमली झूल कुठे असते?"

"त्याच्या पाठीवर."

"सोंडेवरही का घालत नाही? हत्ती आपलाच ना?"

"वेडी आहेस का? सोंडेवर घातली तर हत्ती श्वास कसा—" महाराज मध्येच थांबले. "काढ त्या खोळी!"

गोजराने कात्री मागितली आणि अकरा खोळी उसवल्या. त्यातून एक साधे काळे पॅड उचलले. वर नुसती जाळी, मागच्या डाव्या कोपऱ्यात एकच मोठा पंखा, खाली चार उंच पाय. मेजावर मखमल अंथरली, तिच्यावर पॅड, पॅडवर लॅपटॉप. घटका गेली, दोन गेल्या. महाराज लिहीत राहिले. शेवटी त्यांनी हात लावून पाहिला. कोमट!

"पण याला दिवे नाहीत!" दिवाणजी कळवळून म्हणाले.

"दिवाणजी, महाराजांना लॅपटॉप गार करायचाय. त्याचं लग्न नाही काढलं!"

महाराज इतके हसले की मुकुट सावरायला दोन सेवक धावले. रायाजीची खोली त्याच्या नावे कायमची झाली. गोजराला वाऱ्याच्या खात्याची मुख्य नेमले, आणि दिवाणजींनी यापुढे काहीही खरेदी करण्याआधी तिची सही घ्यावी, असा हुकूम महाराजांनी त्याच लॅपटॉपवर लिहिला.