लाडोजी तांडेलाचा जावई आणि रावस

एका बंदरावर एक भोळा घरजावई होता. नाव धाकू. माणूस डोंगराकडचा. लग्नाआधी त्यानं पाणी पाहिलं होतं ते विहिरीचं. स्वभावानं सोनं. सांगाल ते करायचा, आणि घोळ नेमका तिथंच होता.

सासरा लाडोजी तांडेल, होडी हाकण्यात हयात गेलेला. एकुलती लेक जनी, एक होडी आणि दोन दुखरे गुडघे, एवढाच त्याचा संसार. एक दिवस त्यानं जाहीर केलं, रविवारी सगळी भावकी जेवायला येणार. त्या दिवशी जावयानं एकट्यानं रावस आणला तर होडी त्याची. नाही आणला तर होडी विकून मोकळा होतो. होडी गेली की नवऱ्यानं उभा जन्म भावकीचे टोमणे खायचे, हे जनीला दिसत होतं.

लाडोजी जावयाला घेऊन समुद्रात गेला आणि शिकवू लागला. रावस खोल पाण्यात असतो. म्हणून जाड दोरीला शिशाचा गोळा लावून खाली सोडायचा. गळाची बारीक दोरी त्या जाड दोरीला कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं अडकवायची, म्हणजे गळही खोल जातो. गळाच्या जरा अलीकडे चमकता पत्रा. होडी हळूहळू चालली की पत्रा पाण्यात लकलकतो आणि रावस बघायला येतो. पत्रा म्हणजे आहेरातल्या स्टीलच्या ताटाचा तुकडा होता. त्यावर लाडोजीचं नाव कोरलेलं. धाकूनं ते नीट वाचलं.

"मामा, माशांना वाचता येतं?"

गोळा सोड, एवढंच लाडोजी म्हणाला. धाकूनं सोडला. दोरी होडीला न बांधता सोडला. गोळा दोरीसकट तळाला गेला.

लाडोजीनं कपाळावर हात मारला. "अरे, पाण्यात जे जाईल ते आधी होडीला बांधायचं."

"बरं मामा."

संध्याकाळी होडी किनाऱ्याला लागली. लाडोजी होडीच्या काठावर बसून लुंगी वर खोचत होता. धाकूनं मागून हळूच त्याच्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक होडीला. तांडेल पाण्यात उतरला, दोन पावलं चालला आणि तोंडघशी पडला. मासळी विकणाऱ्या बायकांना हसून हसून टोपल्या खाली ठेवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी नवा गोळा आणि नवा धडा. चिमटा घट्ट लावायचा नाही. मासा गळ ओढतो तेव्हा तो सुटला पाहिजे, म्हणजे मासा लागल्याचं आपल्याला वर कळतं. जरा ओढ लागली की चिमट्यानं सोडलंच पाहिजे, असं लाडोजीनं बजावून सांगितलं. धाकूनं मान डोलावली. घरी आल्यावर जनीनं त्याला धुणं वाळत घालायला सांगितलं. त्यानं चिमट्यात कपड्यांची नुसती टोकं धरली. खाडीवरून वारा आला आणि जनीची रविवारी नेसायची जांभळी साडी समोरच्या होडीच्या डोलकाठीवर जाऊन बसली.

जनी फणफणली. "अहो, चिमटा असा लावावा की वादळ आलं तरी सुटता कामा नये."

"बरं," धाकू म्हणाला.

झालं. पुढच्या सकाळी त्यानं चिमट्याला वरून सुतळीचे वेढे दिले. होडी उन्हं चढेपर्यंत फिरली, दोरी काही हलेना. आज रावस नाही, असं म्हणत लाडोजीनं दोरी वर ओढली, तर गळाला रावसाचं नुसतं डोकं. मासा केव्हाच लागला होता. चिमटा सुटला नाही, म्हणून कळलं नाही, आणि बाकीचा मासा एका दातेरी मुशी माशानं तोडून खाल्ला होता.

"डोकं तरी ठेवलं आपल्याला," धाकू म्हणाला. "भली होती बिचारी."

लाडोजीनं पुन्हा सगळं पहिल्यापासून घोटून घेतलं. शनिवारी धाकूनं गोळा बांधला, चिमटा हलका लावला आणि खरंच एक रावस धरला. पण तो हातभरसुद्धा नव्हता. लाडोजीनं तो परत पाण्यात टाकला. लहान मासा सोडून द्यावा, मोठा झाला की धरावा, असं तो म्हणाला. मोठा म्हणजे केवढा, असं धाकूनं विचारलं.

इथं म्हाताऱ्याची जीभ सैल सुटली. तरुणपणी त्यानं याच होडीत एक रावस धरला होता. डोकं या टोकाला टेकलेलं आणि शेपूट त्या टोकाबाहेर लोंबत होतं म्हणे. बंदरावर ही गोष्ट पोराटोरांना पाठ होती, कारण मासा दरवर्षी वीतभर वाढायचा.

"त्याला म्हणायचं मोठा," लाडोजी म्हणाला. "त्याच्याखालचं सगळं पोरसवदा."

"बरं मामा."

रविवारी धाकू एकटाच गेला. जनीनं नारळ वाटून ठेवला, चिंच भिजत घातली आणि धक्क्यावर येऊन उभी राहिली. भावकीही जमली. त्यांच्यातल्या दोघातिघांनी तर आतापासूनच होडीची किंमत ठरवायला घेतली होती. तेवढ्यात होडी दिसली. जवळ आली. धाकूनं दोन्ही हातांनी रावस उचलून दाखवला. कमरेएवढा होता, अजून फडफडत होता. जनीच्या डोळ्यांत पाणी आलं. लाडोजीनं मिशीवरून हात फिरवला आणि जावई कोणाचा आहे, ते भावकीला ऐकवलं.

मग धाकूनं रावस होडीत आडवा ठेवला. एक टोक बघितलं. दुसरं टोक बघितलं. मान हलवली आणि रावस अलगद पाण्यात सोडून दिला.

धाकू पायऱ्या चढून वर आला.

"पोरसवदा होता, मामा. तुमच्या माशाच्या निम्मासुद्धा नाही. मी होडीत ठेवून बघितला."

सगळी भावकी लाडोजीकडे वळली. त्याचा म्हातारा चुलता घसा खाकरून सावकाश म्हणाला, "काय रे लाडू, तुझा मासा नक्की केवढा होता?"

लाडोजीनं जावयाकडे बघितलं. भावकीकडे बघितलं. खरं सांगावं, तर जन्मभर वाढवलेला मासा हातचा जात होता.

"बरोबर केलं पोरानं," तो म्हणाला. "होडी त्याची."