रंगवलेला पत्रा

पौषातली कोरडी, बोचरी सकाळ होती. चार दिवस उत्तरेचा वारा सुटलेला. ओठ फुटले होते, टाचा उलल्या होत्या, आणि अंगातला स्वेटर काढायला गेलं की तडतड आवाज यायचा.

"खरं सांगा मामा, तुम्ही मला काय शिकवायचं राखून ठेवलंत?"

प्रफुल्ल बूट न काढताच दुकानात शिरला होता. दौलतमामा एक जुना रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बोला ना! चार वर्षं राबलो तुमच्याकडे!"

राबला होता, हे खरं. डिप्लोमा खिशात घेऊनच आला होता, आणि मामा तर शाळेची पायरीही न चढलेले. पण मलकापुरात कुणाचंही मशीन बिघडलं की लोक मामांकडेच यायचे. काम शिकून प्रफुल्लने मामांच्या भिंतीला लागूनच आपलं दुकान टाकलं. काचेचा दरवाजा, खाली निळा गालिचा. मामा रागावले नाहीत. उलट आपल्या टेबलावर होता तसाच लोखंडी पत्रा त्यांनी त्याच्या टेबलावर ठोकून दिला, आणि त्याची तार बाहेर जमिनीत पुरलेल्या सळईला जोडली.

"मशीनमधल्या सर्किटच्या कार्डाले हात लावायच्या आंधी याले हात लावायचा," एवढंच म्हणाले होते. "दर वेळी. अंगातली वीज जमिनीत जाऊ दे. ती तुले कळत नाई, पण कार्डाले आतून जाळते. मंग ते काही दिवस चालते अन् मरते."

आता प्रफुल्लच्या हातात एकाच मशीनमधली दोन मेलेली कार्डं होती. त्याने ती मामांच्या पुढ्यात आपटली.

"हे आठ दिवसांत गेलं. हे चार दिवसांत. मी बसवून दिली तेव्हा चालू होती!"

"असतीन."

"असतील नाही, होती! तुमची कार्डं मरत नाहीत, माझीच का मरतात? काहीतरी राखून ठेवलंत तुम्ही!"

तेवढ्यात दारातून गोदावरीबाईंचा आवाज आला.

"भांडा, भांडा! तिकडं माहा माणूस जाऊ द्या!"

त्यांचा नवरा तुळशीराम तीस वर्षं जिनिंगमध्ये होता. कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. आता ऑक्सिजनच्या मशीनवर त्याचा श्वास चालायचा, आणि ते मशीन प्रफुल्लच्या टेबलावर उघडं पडलं होतं. घरी मागून आणलेला सिलिंडर होता, तो दिवेलागणीपर्यंत पुरणार होता. तिसरं कार्ड सकाळच्या बसने आलं होतं. चौथं कुठेच नव्हतं.

"मले हात लावायची भीती वाटते," प्रफुल्ल ओरडला.

मामा उठले. गुडघे धरून, सावकाश. भिंतीपलीकडे प्रफुल्लच्या दुकानात गेले.

"पत्र्याले हात लावतं का?"

"रोज! तुमचं नाव घेऊन लावतो! देवाला नाही लावत एवढ्या वेळा!"

मामा टेबलापाशी उभे राहिले.

पत्र्याला चंदेरी रंग दिला होता. वर लाल अक्षरांत झोकदार 'गुरुकृपा' लिहिलं होतं. त्यावरून व्हार्निशचा हात फिरवलेला, कडेला झेंडूची वाळकी माळ.

"हे कवा केलं?"

"खंडेनवमीला. हत्यारांची पूजा केली तेव्हा."

"अन् कार्डं परत येऊ लागली कवापासून?"

"दिवाळी झाल्यावर..."

मामांनी कानस उचलली आणि पत्रा घासायला लागले. 'गु' गेला.

"मामा! तुमच्यासाठी लिहिलंय ते!" प्रफुल्लने त्यांचा हात धरला.

चार वर्षांत त्याने मामांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता.

"हात सोड!"

त्याने सोडला.

कानस चालत राहिली. 'रु' गेला, 'कृ' गेला, 'पा' गेला. रंगाची सालपटं गालिच्यावर पडली. तळहाताएवढं काळसर लोखंड उघडं पडलं, तेव्हा मामा बाजूला झाले.

"लाव."

प्रफुल्लने बोट पुढे केलं. चट्ट!

तो हात झटकून मागे सरकला. तीन महिन्यांत या पत्र्यावर असा चटका बसला नव्हता. त्याला वाटलं होतं, पूजेमुळे सगळं शांत झालं.

"डिप्लोमावाल्या," मामा म्हणाले, "रंगातून वीज जाते काय रे?"

प्रफुल्लच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उत्तर त्याला पहिल्या वर्षापासून पाठ होतं.

त्याने गालिचा पायाने दूर सारला. स्वेटर काढून कोपऱ्यात भिरकावला. उघड्या लोखंडावर डावा तळहात दाबून धरला, मग कार्डाची चकचकीत पिशवी फोडली. कार्ड कडेने धरून बसवलं. दर वेळी हात उचलला की पुन्हा लोखंडावर.

मशीन घुरघुरलं. गोदावरीबाईंनी नळीपुढे तळवा धरला. बराच वेळ धरला.

"येतो वारा," त्या म्हणाल्या. आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही. मशीन रिक्षात घालून निघून गेल्या.

प्रफुल्लचा राग अजून अंगातच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते त्याला कळेना. तो वाकला आणि मामांच्या पायांकडे हात नेला. मामांनी पाय मागे घेतले.

"आतापावतर केली तेवढी पूजा पुरे. दसऱ्यापासून किती कार्डं बसली तुह्या हातून?"

"तीसेक असतील. सहा परत आली."

"बाकीची?"

"बाकीची चालू आहेत मामा. कुणाची तक्रार नाही. मी शपथेवर सांगतो, सगळी चालू आहेत!"

मामांनी खिळ्यावरची त्याच्या गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"चालू हायेत," मामा म्हणाले, "तोवरच जा बदलाले."